कप गोळा होण्याआधी

मधमाशीला पाच डोळे असतात. दोन मोठे, बाजूला, आणि डोक्यावर तीन बारके, टाचणीच्या टोकाएवढे. ही गोष्ट साऱ्या जगाला ठाऊक नसेल तर नसो, पण चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघत बसणाऱ्या मुलीला ती पक्की ठाऊक होती. तिने कागदावर ठळक अक्षरात 'पाच' लिहिलं होतं. आणि समोर माईक धरून उभा असलेला माणूस शांतपणे म्हणत होता, "बरोबर उत्तर दोन. तुमचं चूक. पुढचा प्रश्न."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खरं तर ती त्या संध्याकाळी तिथे असायचीच नव्हती. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी पाच वाजता प्रश्नमंजूषा भरायची, आणि मावशी तिथे अकरा वर्षं जात होती. मावशी म्हणजे तिच्या आईची धाकटी बहीण. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, आता निवृत्त होऊन स्वतः बोलायची. तिच्या गटात ती आणि तिची मैत्रीण, इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. तिसरी खुर्ची रिकामी झाली होती. "नुसती बसायला चल," असं सांगून मावशीने भाचीला दुकानातून उचलून आणलं होतं. नुसतं बसणं हा प्रकार भाचीला जन्मात जमला नव्हता, हे मावशी सोयीस्कर विसरली होती.

"अहो, पाच असतात," ती उभी राहिली.

"ताई, तोंडी काही चालत नाही इथे," मागच्या बाकावरून बँकवाल्यांच्या गटातला एक जण हसत म्हणाला.

"लिही," मावशीने तिचा दंड धरून खाली बसवलं. "तक्रारवही आहे. ती बघ, ग्रंथपालबाईंच्या टेबलावर."

तो तिथला नियमच होता. मंजूषा संपली की चहा यायचा. चहा पिऊन होईपर्यंत ज्याला जी तक्रार करायची असेल ती त्याने वहीत लिहायची. ग्रंथपालबाईंनी शेवटचा कप उचलला की वही बंद. मग पुढच्या शनिवारी प्रश्नकर्त्याने सगळ्यांदेखत ती तक्रार आणि आपलं उत्तर मोठ्याने वाचायचं. मान्य असेल तर गुण, नसेल तर कारणं.

तिने चहाला हातसुद्धा लावला नाही. उभ्या उभ्या पान भरून लिहिलं. मधमाशीचे डोळे, त्यांची जागा, त्यांचं काम, आणि शेवटी न राहवून एक ओळ – 'प्रश्नकर्त्यांनी आधी स्वतःचे डोळे उघडावेत, मग माशीचे मोजावेत.'

घरी जाताना मावशी म्हणाली, "शेवटची ओळ नसती लिहिली तर चाललं असतं."

"मला चाललं नसतं."

"बरं बाई, तुझंच खरं."

'तुझंच खरं' या दोन शब्दांची तिला मनापासून चीड होती. आई म्हणायची, वहिनी म्हणायची, आणि तीन वर्षांपूर्वी ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो तर उठता-बसता म्हणायचा. तिला वाटायचं, किती समजूतदार माणूस आहे. मग एके दिवशी त्याने निरोप पाठवला की मुलगी चांगली आहे, पण तिच्याशी बोलायचं म्हणजे जवळ वकील ठेवावा लागतो. लग्न मोडलं. मोडल्याचं दुःख तिने महिनाभरात गिळलं, पण वर्षभर हा माणूस आपलं काहीच न पटता मान हलवत होता, याचा संताप काही केल्या जाईना. पटत नव्हतं तर भांडायला काय झालं होतं? तोंड कुणी शिवलं होतं?

पुढच्या शनिवारी ती गेली ती फक्त उत्तर ऐकायला. निदान तिने स्वतःला तसं सांगितलं.

प्रश्नकर्ता उंच होता, जरा वाकून उभा राहायचा, आणि वही अशी हातभर लांब धरायचा की जणू ती चावेल. त्याने तिची तक्रार एकही शब्द न गाळता वाचली. 'डोळे उघडावेत' वर सभागृह खळखळून हसलं. तो हसला नाही.

"उत्तर. मी दोन वेगवेगळी पुस्तकं पाहिली. मॅडमचं म्हणणं बरोबर आहे, माझं चूक होतं. एक गुण देण्यात येत आहे. मात्र डोळे उघडण्याचा सल्ला मूळ प्रश्नाला धरून नव्हता, त्यामुळे त्याबद्दल गुण नाही."

एवढं म्हणून त्याने वर पाहिलं, थेट तिच्याकडे. ती रागावलेलीच राहणार होती. पण ओठांचा एक कोपरा तिचं न ऐकता वर गेला, आणि तेवढ्यासाठी तिला स्वतःचाच राग आला.

त्यानंतर एक शनिवार चुकला नाही. आणि तक्रारीही चुकल्या नाहीत. कोडी तर त्याची स्वतःची असायची, आणि ती सोडवताना तिचा जीव मेटाकुटीला यायचा. "तीन अक्षरी शब्द. पहिलं अक्षर काढलं तर फळात सापडतो, शेवटचं काढलं तर जंगलात, मधलं काढलं तर गोष्टीच्या शेवटी. आणि काहीच नाही काढलं तर डोळ्यांत मावत नाही." तिने कागदाचा बोळा करून पुन्हा उलगडला आणि अगदी शेवटच्या क्षणी लिहिलं – सागर. गर, साग, सार. गुण मिळाला. तरीही तिने वहीत लिहिलं की डोळ्यांत सागर सहज मावतो, टेकडीवर उभं राहिलं की झालं, तेव्हा शेवटची खूण दिशाभूल करणारी आहे. पुढच्या आठवड्यात उत्तर आलं. 'मॅडम टेकडीवर उभ्या राहतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत काय काय मावतं याची प्रश्नकर्त्याला माहिती नाही. ती मिळवायला त्याची तयारी आहे.'

मावशीने नर्सबाईंना कोपराने ढोसलं. नर्सबाईंनी आधीच टिपलं होतं.

मग शुक्राचं प्रकरण झालं. शुक्र ग्रहाला जास्त वेळ कशाला लागतो, स्वतःभोवती एक फेरी मारायला की सूर्याभोवती? तिने लिहिलं, सूर्याभोवती. त्याने चूक दिलं. तिने वहीत लिहिलं की कुठलाही शहाणा ग्रह असलं काही करणार नाही. पुढच्या शनिवारी त्याने अख्खं पान भरून उत्तर आणलं होतं, आकृतीसकट. स्वतःभोवती दोनशे त्रेचाळीस दिवस, सूर्याभोवती दोनशे पंचवीस. 'तक्रार अमान्य. शुक्र शहाणा नाही हे मॅडमना पटवून देण्यात प्रश्नकर्त्याला आनंद नाही, पण इलाजही नाही.'

ती हरली होती, सगळ्यांदेखत. चेहरा इतका पडला की बँकवाल्यांनाही हसवेना. आणि तरी चहाच्या वेळी ती त्या वहीपाशी गेली आणि ते पान तिने चार वेळा वाचलं. कुणीतरी तिच्याशी भांडायला एक अख्खा आठवडा घेतला होता. दोन पुस्तकं पाहिली होती. कंपास घेऊन वर्तुळं काढली होती. 'तुझंच खरं' म्हणून सुटका करून घेणं किती सोपं होतं, आणि या गृहस्थाने ते केलं नव्हतं.

त्याच्या अक्षरांची ओळ तिरकी जात होती. आकृतीतला शुक्र जिथे हवा तिथे पडलाच नव्हता. तिने त्याखाली लिहिलं, 'प्रश्नकर्ते कार्ड हातभर लांब धरतात. डोळे तपासून घ्यावेत. ही तक्रार आहे, सल्ला नाही.'

मंगळवारी दुपारी दुकानाचं दार वाजलं.

"तक्रारीची दखल घ्यायला आलो," तो म्हणाला. माईक नसताना त्याचा आवाज बराच लहान होता.

आतली खोली अरुंद होती. एक उंच खुर्ची, समोर अक्षरांचा तक्ता, भिंगं पुसायच्या स्पिरिटचा वास, आणि दार लावलं की फक्त तक्त्यामागचा पांढरा उजेड. तिने ती जड गोल फ्रेम त्याच्या नाकावर बसवली. कानामागे दांडी नीट करताना त्याचा श्वास मध्येच थांबला, हे तिला कळलं. कळलं नाही असं तिने दाखवलं.

"काम काय करता?" तिने एक भिंग सरकवलं. "शनिवारचं सोडून."

"बस डेपोत असतो. वेळापत्रक बनवतो."

तिचा हात थांबला. "सात नंबरचं?"

"सगळ्यांचंच... सातचंही."

"म्हणजे रोज सकाळी मला जी अकरा मिनिटं थांब्यावर उभं करते, ती बस तुमची?"

"ती वेळेवर सुटते," तो घाईघाईने म्हणाला. "मध्येच कुठेतरी अडकते. कुठे ते शोधायला मी स्वतः थांब्यांसमोर घड्याळ घेऊन उभा राहतो कधीकधी."

"उभे राहा. काही फरक पडलेला दिसत नाही." तिने भिंग बदललं. "आधीचं बरं की आताचं?"

"दोन्ही सारखीच."

"सारखी कशी असतील? नीट बघा. आधीचं... की आताचं?"

"आताचं."

"आणि हे?"

"हे... तुम्ही जरा मागे झालात तर सांगता येईल."

"का?"

"तुम्ही जवळ आलात की सगळंच अंधुक होतं."

उजेड कमी होता ते बरं झालं, नाहीतर तिचे कान त्याला दिसले असते. "तो नंबरचा दोष आहे," ती कोरडेपणाने म्हणाली. "तुम्हाला लांबचं चांगलं दिसतं आणि जवळचं नीट दिसत नाही. बऱ्याच जणांना असतो. लाजण्यासारखं काही नाही."

"म्हणजे चार महिने चहाच्या वेळी तुम्ही जवळ आलात की मी तुमचा चेहरा अंदाजानेच बघत होतो."

"तेवढाच बघायचा असतो."

"मॅडम, ही तक्रार आहे की सल्ला?"

तिने शेवटचं भिंग सरकवलं आणि वाचायचं कार्ड त्याच्या हातात दिलं. पण तो कार्ड वाचत नव्हता. दोन वितींवर तिचा चेहरा होता, आणि त्या जाड गोल भिंगांतून तो त्या चेहऱ्याकडे असा बघत होता, जसं पत्र उघडल्यावर माणूस अक्षर बघतो. "हे," तो हळूच म्हणाला. "आधीच्या सगळ्यांपेक्षा हे बरं आहे."

त्या दिवसापासून शनिवारी मंजूषा संपली की दोघं सात नंबरच्या थांब्यापर्यंत चालत जायची. वाटेत भांडण व्हायचं. टोमॅटो फळ की भाजी, आरशात डावं-उजवं खरंच उलटतं का, असलं काहीही. बस उशिरा यायची, ती त्याला दोषी धरायची, आणि बस उशिरा आल्याबद्दल मनात बसचे आभारही मानायची. एकदा थांब्याच्या बाकावर बसून तिने त्याला मोडलेल्या लग्नाची गोष्ट सांगितली. वकिलाच्या वाक्यासकट.

तो म्हणाला, "त्या माणसाने वर्षभर खोटं गुणपत्रक दिलं तुम्हाला."

इतक्या वर्षांत कुणालाच हे इतक्या नेमक्या शब्दांत सांगता आलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले, आणि बस आली.

आणि याच माणसाने, हे सगळं ऐकलेल्या याच माणसाने, वार्षिक अंतिम फेरीत जे केलं ते ऐका.

अंतिम फेरीला ढाल असायची. लाकडी, पितळी पत्र्याची, एका कानाला चेपलेली. आणि जिंकणाऱ्या गटाचं नाव जिन्याच्या भिंतीवरच्या फळ्यावर रंगवलं जायचं. अकरा वर्षांत मावशीच्या गटाचं नाव तिथे चढलं नव्हतं. शेवटच्या प्रश्नाला बँकवाले एका गुणाने पुढे होते. तो प्रश्न मावशीच्या गटाचा होता, आणि दोन गुणांचा होता, उत्तर पूर्ण बरोबर आलं तरच.

"माणसाच्या मानेत मणके किती," नव्या चष्म्यातून कार्ड जवळ धरून त्याने विचारलं, "आणि जिराफाच्या मानेत किती?"

"दोघांनाही सात," नर्सबाई कुजबुजल्या. "जिराफाचा एकेक मणका लांब असतो, बस."

"एवढ्या लांबलचक मानेला सात?" ती म्हणाली. "काहीतरीच. डबल तरी असणार."

"अगं, मी कुठेतरी वाचलंय—"

"नर्सबाई, माणसांचं तुम्ही सांगा. जिराफ तुमच्या वॉर्डात कधी आला होता का?"

आणि तिने लिहिलं – माणूस सात, जिराफ चौदा. घडी घातली. कागद त्याच्या हातात गेला.

त्याने घडी उघडली. वाचलं. एक क्षण, फक्त एकच क्षण, तो थांबला. मग त्याने कागद परत दुमडला आणि पेटीत टाकला.

"दोघांनाही सात," तो माईकवर म्हणाला. "उत्तर बरोबर. दोन गुण."

सभागृह उठून उभं राहिलं. मावशी रडत होती, चक्क रडत होती, आणि तिने ढाल लहान मूल घ्यावं तशी उचलली होती. "शेवटी ऐकलंस ना माझं," नर्सबाई भाचीचा हात दाबत म्हणाल्या. त्यांना वाटलं, हिने ऐनवेळी आकडा बदलला. खरं काय ते दोघांनाच माहीत होतं. एक माईकपाशी उभा होता आणि इकडे बघत नव्हता. दुसरी खुर्चीत दगड झाली होती.

चहा आला. लोक येऊन अभिनंदन करून गेले. तिच्या मनात एकच वाक्य फिरत होतं, आणि ते त्याच्या आवाजात होतं. बरं बाई, तुझंच खरं. इतके महिने भांडला, पुरावे आणले, आकृत्या काढल्या, आणि शेवटी हाही तिथेच गेला. तिची कहाणी ऐकली, हळहळला, आणि लहान मुलाला गोळी द्यावी तसे दोन गुण हातावर ठेवले. गप्प बसली तर मावशीचं नाव फळ्यावर चढत होतं. गप्प बसली तर बस थांब्यावरचा बाकही तसाच राहत होता. कुणालाही, कधीही, काहीही कळणार नव्हतं.

ग्रंथपालबाई ट्रे घेऊन फिरत होत्या. एकेक कप उचलला जात होता. त्या तिच्यापाशी आल्या तेव्हा तिचा कप भरलेलाच होता, वर साय धरलेली.

"झाला का?"

"नाही," ती म्हणाली आणि कप दोन्ही हातांनी धरून ठेवला. "मला वही द्या."

तिने लिहिलं. 'शेवटच्या प्रश्नाला मी जिराफापुढे चौदा लिहिलं होतं, नर्सबाईंचं न ऐकता. कागद पेटीत आहे. दोन गुण काढून घ्यावेत. असे गुण माणूस फक्त कीव आली की देतो.' मग तो गार चहा एका दमात प्यायली आणि कप ट्रेमध्ये ठेवला.

जिन्यात त्याने तिला गाठलं. "तुम्ही लिहिलंत."

"मग काय करायला हवं होतं? आभार मानायला हवे होते?"

"मला वाटलं... तुम्हाला एकदा तरी—"

"एकदा तरी काय? जिंकलेली बघायची होती? मी शुक्रावर हरले तेव्हा तुम्ही पानभर कारणं दिलीत. त्या पानासाठी मी दर शनिवारची वाट बघायची. ढालीसाठी नाही. कळतंय का?" तिचा आवाज फुटला आणि तिने तो फुटू दिला. "साऱ्या दुनियेने मला खोटं बरोबर दिलं तरी चाललं असतं. तुम्ही द्यायचं नव्हतं."

ती त्याला जिन्यातच सोडून थांब्यावर आली. सात नंबर नेमकी त्या दिवशी वेळेवर आली, याचाही तिला संताप आला.

घरी मावशीला सांगणं सगळ्यांत कठीण गेलं. मावशीने ऐकलं, ढालीकडे बघितलं, मग उठून ओला फडका घेतला आणि पितळ पुसायला लागली. "परत द्यायची तर चकचकीत करून देऊ," ती म्हणाली. बऱ्याच वेळाने पुढे म्हणाली, "गप्प बसली असतीस तर मला आवडलं असतं. पण मग तू माझी भाची वाटली नसतीस." नर्सबाईंनी मात्र दोन दिवस फोन घेतला नाही. जिराफापेक्षा वॉर्डाचा उल्लेख त्यांना जास्त लागला होता. तिसऱ्या दिवशी तिने घरी जाऊन माफी मागितली, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं.

पुढच्या शनिवारी सभागृह नेहमीपेक्षा भरलेलं होतं. ती मागच्या रांगेत, दाराजवळ बसली. तो वाचणार नाही याची तिला खात्री होती. काहीतरी गोलमाल करेल, कागद हरवला म्हणेल. माणसं तेच करतात.

त्याने वही उघडली. तिची तक्रार वाचली, शेवटच्या वाक्यासकट. मग पेटीतला कागद काढून सगळ्यांना दाखवला. 'चौदा' मागच्या रांगेपर्यंत दिसलं.

"उत्तर. तक्रार मान्य. मी तो आकडा वाचला होता आणि जाणूनबुजून बरोबर म्हटलं. ढाल बँकेच्या गटाची आहे, त्यांची मी माफी मागतो. जाणूनबुजून चुकीचा गुण देणाऱ्या प्रश्नकर्त्याने वर्षभर माईकला हात लावायचा नाही, असा नियम या वहीच्या पहिल्या पानावर आहे. तो आजवर कधी वापरावा लागला नव्हता. हे वाचून झालं की मी माईक खाली ठेवीन."



"मात्र," तो म्हणाला, आणि चष्मा नीट केला, "तक्रारीचं शेवटचं वाक्य मला मान्य नाही. 'असे गुण माणूस फक्त कीव आली की देतो.' हे साफ चूक आहे. कारणं देतो. कीव यायची असती तर शुक्राच्या वेळीच आली असती, तेव्हा त्यांचा चेहरा जास्त पडला होता. शिवाय ज्याची कीव येते त्याची भीती वाटत नाही. मी दर शनिवारी ही वही उघडताना घाबरतो, आणि ज्या शनिवारी त्यांची तक्रार नसते त्या रात्री मला झोप लागत नाही. तो कागद उघडला तेव्हा मी प्रश्नकर्ता राहिलो नव्हतो. मी त्यांच्या बाजूचा झालो होतो. खरं तर सहा महिने मी त्यांच्याच बाजूचा आहे. तो गुन्हा नाही, पण हातात माईक धरून ते लपवलं, हा गुन्हा आहे." त्याचा आवाज जरा अडखळला. "थोडक्यात... मॅडमवर माझं प्रेम आहे. हा शब्द लिहिण्याआधी मी आठवडाभर तपासून पाहिला. यावर कुणाचीही तक्रार असल्यास, कप गोळा होण्याआधी लेखी नोंदवावी."

त्याने माईक टेबलावर ठेवला आणि जाऊन स्पर्धकांच्या रांगेत, एका रिकाम्या खुर्चीवर बसला.

चहा आला. तो कुणी कसा प्यायला कोण जाणे. सगळ्या माना मागच्या रांगेकडे वळल्या होत्या. वही ग्रंथपालबाईंच्या टेबलावर उघडी होती, शेजारी पेन होतं. ट्रे एकेका रांगेतून मागे सरकत होता. बँकवाल्यांनी कप दिले. नर्सबाईंनी दिला. मावशीने दिला आणि भाचीकडे न बघता नाक ओढलं. उरला एकच कप.

ग्रंथपालबाई येऊन उभ्या राहिल्या. घाई केली नाही. वर्षानुवर्षं तक्रारी बघितलेली बाई ती, तिला थांबता येत होतं.

तिने कपात बघितलं, वहीकडे बघितलं. त्या पाठमोऱ्या, जरा वाकलेल्या माणसाकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते, आणि तो मागे वळून बघत नव्हता. त्याने चूक केली होती. ती चूक सगळ्यांसमोर वाचली होती. आणि मग, सगळं गमावल्यावरसुद्धा, तिचं जे वाक्य त्याला पटलं नव्हतं त्यावर तो भांडला होता. कारणं देऊन.

तिने चहा संपवला आणि कप ट्रेमध्ये ठेवला.

कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. ग्रंथपालबाईंनी वही मिटली.

जिना उतरताना ती त्याच्या दोन पायऱ्या पुढे होती. थांब्यापर्यंत तशीच पुढे चालत राहिली. बाकापाशी येऊन वळली. "आकडा चुकलाय."

"कुठला?"

"सहा महिने म्हणालास. मधमाशीला पाच महिने आणि एक आठवडा झालाय फक्त."

'तू' त्याला ऐकू आलं. त्याने ते आधी नीट आत जाऊ दिलं.

"त्याआधी महिनाभर मी सकाळी तुझ्या घराजवळच्या थांब्यासमोर घड्याळ घेऊन उभा असायचो," तो म्हणाला. "सात कुठे अडकते ते बघायला. थांब्यावर एक मुलगी रोज मनगटाकडे बघून कुणालातरी शिव्या घालायची. लांबचं मला चांगलं दिसतं. तूच म्हणालीस."

ती काहीतरी तिखट बोलणार होती, पण वळणावर सात नंबरचे दिवे दिसले. बस वेळेवर होती, अगदी मिनिटावर. तिने बसकडे रागाने पाहिलं आणि हात न दाखवता जाऊ दिली.

"पुढची किती वाजता आहे रे?"

"सात वीसला."

"म्हणजे साडेसात," ती म्हणाली, आणि बाकावर त्याच्यासाठी जागा करून बसली.